जपानी माणूस इतकी वर्षं कसा जगतो? ताटाबाहेरचं उत्तर



"डॉक्टर, ही जपानी माणसं ऐंशी-नव्वद वर्षं कशी काय जगतात हो?" हा प्रश्न दवाखान्यात मला वरचेवर विचारला जातो. बहुतेक वेळा प्रश्नाबरोबर मोबाइलही पुढे येतो. त्यावर कुणीतरी पाठवलेला संदेश असतो: सकाळी उठल्या उठल्या चार पेले पाणी प्या, ग्रीन टी घ्या, पोट ऐंशी टक्केच भरा. यातला शेवटचा सल्ला चांगला आहे, तो जरूर पाळा. पण आधी एक आकडा बघा. १९४७ साली जपानमध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान होतं ५० वर्षं आणि स्त्रियांचं ५४. युद्धानंतरची उपासमार हे त्याचं एक कारण, हे खरं. पण युद्धाच्या आधी, १९३५च्या सुमारासही ते पन्नाशीच्या आतच होतं. मासे, भात आणि हिरवा चहा तेव्हाही होताच की! आज तेच आयुर्मान पुरुषांसाठी ८१ आणि स्त्रियांसाठी ८७ वर्षांच्या आसपास आहे.

मधल्या काळात बरंच काही बदललं. अन्न सुधारलं, स्वच्छता वाढली, क्षयावर औषधं आली, हातात पैसा आला. या सगळ्याचा वाटा आहेच. पण एक गोष्ट अशी आहे की जी मोबाइलवरच्या संदेशात कधीच येत नाही. आजारी माणसाने पैशाच्या भीतीने घरी बसून राहू नये यासाठी जपानच्या सरकारांनी काही निर्णय घेतले. ते निर्णय घेताना तिथल्या पंतप्रधानांनी कधी शहाणपणा दाखवला, कधी मोठी चूक केली, तर कधी खुर्चीही गमावली. आजचा लेख त्याबद्दल आहे. इतिहास वाटेल, पण शेवटी तो तुमच्या-माझ्या तब्येतीपर्यंत येऊन पोचतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. पंतप्रधान एकटा काही करत नाही. कायद्याचा मसुदा अधिकारी लिहितात, मागणी लोक करतात, विरोधी पक्ष दबाव आणतो. पण अनेक वर्षं टेबलावर पडून राहिलेली फाइल पुढे ढकलायची की मागे, हे शेवटी त्या खुर्चीवरचा माणूस ठरवतो.

सुरुवात लष्कराच्या काळजीतून

जपानमध्ये कामगारांसाठी आरोग्य विम्याचा कायदा १९२२ सालीच झाला होता. तो पूर्णपणे लागू व्हायला १९२७ उजाडलं. पण तो कारखान्यातल्या आणि खाणीतल्या कामगारांपुरता होता. शेतकरी, कोळी, छोटे दुकानदार त्याच्या बाहेर. घरात मोठं आजारपण आलं की कर्ज काढायचं किंवा जमीन विकायची. हे चित्र आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

१९३७ साली चीनशी युद्ध सुरू झालं. तेव्हा फुमिमारो कोनोए पंतप्रधान होते. सैन्यभरतीसाठी येणारी खेड्यातली पोरं अशक्त निघत होती, क्षयाने पोखरलेली होती. लष्कराला याची चिंता होती. त्या दबावातून जानेवारी १९३८मध्ये स्वतंत्र आरोग्य आणि कल्याण मंत्रालय स्थापन झालं, आणि त्याच वर्षी गावोगावच्या लोकांसाठी 'राष्ट्रीय आरोग्य विमा' कायदा आला. हेतू काही फार उदात्त नव्हता. सरकारला सुदृढ सैनिक हवे होते. पण गावाने मिळून हप्ता भरायचा आणि गावातल्या आजारी माणसाचा खर्च त्यातून करायचा, ही कल्पना जपानच्या खेड्यांत रुजली. युद्धात ही व्यवस्था कोलमडली, पण कल्पना टिकून राहिली.

तीन कोटी लोक वाऱ्यावर

१९५५च्या आसपास जपानची लोकसंख्या नऊ कोटींच्या घरात होती. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश, म्हणजे सुमारे तीन कोटी लोकांना कसलाच आरोग्य विमा नव्हता. मोठ्या कंपनीत नोकरी असणाऱ्यांचं ठीक चाललं होतं. उरलेल्यांना एकमेव आधार नशिबाचा.

तेव्हाचे पंतप्रधान होते इचिरो हातोयामा. १९५१ साली त्यांना स्वतःला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि त्याचा परिणाम शरीरावर राहिला होता. १९५६च्या जानेवारीत संसदेतल्या धोरणात्मक भाषणात त्यांनी सगळ्या जनतेला वैद्यकीय संरक्षण देण्याचं उद्दिष्ट मांडलं. त्यांच्यानंतर आलेले तान्झान इशिबाशी यांनीही कल्याणकारी राज्याची घोषणा केली, पण ते आजारी पडले आणि ६५ दिवसांतच पायउतार झाले. मग आले नोबुसुके किशी.

किशी हे वादग्रस्त व्यक्तिमत्त्व. युद्धकाळातल्या तोजो यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. युद्धानंतर युद्धगुन्हेगारीच्या संशयावरून त्यांना तुरुंगात ठेवलं होतं, पण खटला चालला नाही. असा उजव्या विचारांचा नेता गरिबांच्या विम्याचा कायदा करेल असं कुणाला वाटलं नसेल. पण समोर समाजवादी पक्ष ताकदवान होता, आणि कामगार-शेतकऱ्यांची मतं हवी होती. डिसेंबर १९५८मध्ये किशी सरकारने राष्ट्रीय आरोग्य विम्याचा नवा कायदा मंजूर करून घेतला. देशातल्या प्रत्येक नगरपालिकेने आणि गावाने एप्रिल १९६१पर्यंत ही विमा योजना सुरू केलीच पाहिजे, असं बंधन त्यात होतं. पुढच्या वर्षी सर्वांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदाही आला.

योजना सुरू व्हायच्या आतच किशी गेले. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा करारावरून १९६०मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. एप्रिल १९६१मध्ये 'प्रत्येक नागरिकाला विमा' ही गोष्ट प्रत्यक्षात आली, तेव्हा पंतप्रधान होते हायातो इकेदा.

योजनेची रचना समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यात आहे. नोकरदाराचा विमा त्याच्या कामाच्या ठिकाणाहून, बाकी सगळ्यांचा राहत्या गावाच्या किंवा शहराच्या पालिकेकडून. हप्ता उत्पन्नानुसार. सरकार वरून भर घालतं. कुठल्याही दवाखान्यात जा, विमा चालतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देशभरात उपचारांचं दरपत्रक एकच. टोकियोतल्या मोठ्या रुग्णालयात आणि डोंगरातल्या छोट्या दवाखान्यात त्याच तपासणीला तोच दर. हे दर सरकार ठरवतं आणि साधारण दर दोन वर्षांनी बदलतं.

आमच्या व्यवसायबंधूंना हे आवडलं असेल का? मुळीच नाही! दर फार कमी आहेत आणि कोणते उपचार द्यायचे यावर सरकार बंधनं घालतं, अशी डॉक्टरांची तक्रार होती. ताऱो ताकेमी हे तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेचे अतिशय प्रभावी अध्यक्ष होते. फेब्रुवारी १९६१मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टरांनी एका रविवारी देशभर दवाखाने बंद ठेवले. पुढे तडजोडी झाल्या, दर वाढले. आजही तिथे दरांवरून ओढाताण चालूच असते. पण 'सर्वांना विमा' या मूळ गोष्टीला त्यानंतर कुठल्याही सरकारने हात लावला नाही.

विमा आणि रक्तदाबाची गोळी

आता डॉक्टर म्हणून मला सगळ्यात भावणारा भाग सांगतो. १९५१पासून १९८०पर्यंत जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं पक्षाघात, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी फुटणं किंवा तुंबणं. होय, त्याच 'आरोग्यदायी' जपानी जेवणाच्या देशात! खारवलेले मासे, लोणची, मिसो, सोया सॉस. ईशान्येकडच्या अकितासारख्या थंड भागात माणसं दिवसाला वीस ग्रॅमहून जास्त मीठ खात. आज जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. म्हणून त्याची गोळी हा सगळ्यात आधी बंद होणारा खर्च असतो. पैशाची चणचण आली की लोक मुलांची फी भरतात, गॅस सिलिंडर आणतात आणि बीपीची गोळी पुढच्या महिन्यावर ढकलतात. विमा नसलेल्या त्या तीन कोटी जपानी लोकांनी वेगळं काय केलं असेल? विमा आल्यावर रक्तदाब तपासून घेणं आणि रोज औषध घेणं सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं. जोडीला गावोगावच्या आरोग्यसेविकांनी तपासण्या केल्या, मीठ कमी करण्याच्या मोहिमा चालवल्या. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून पक्षाघाताचे मृत्यू घसरायला लागले ते घसरतच गेले. जपानच्या वाढलेल्या आयुर्मानात या घसरणीचा मोठा वाटा आहे. चार पेले पाण्याचा नाही.

पोलिओ: एक धाडसी निर्णय

१९६० साली जपानमध्ये पोलिओची मोठी साथ आली. होक्काइदो बेटावर सुरुवात झाली आणि वर्षभरात देशात ५,६००हून अधिक रुग्णांची नोंद झाली. टोचून द्यायची लस होती, पण ती अपुरी होती. तोंडावाटे द्यायचे थेंब सोविएत संघात मोठ्या प्रमाणावर वापरले जात होते, पण जपानमध्ये त्यांना परवानगी नव्हती. नियमाप्रमाणे चाचण्या आणि मंजुरी यात वेळ जाणार होता. १९६१च्या उन्हाळ्यात पुन्हा रुग्ण वाढू लागले. लहान मुलांना घेऊन आया आरोग्य मंत्रालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

इकेदा मंत्रिमंडळातले आरोग्यमंत्री योशिमी फुरुई यांनी जूनमध्ये निर्णय घेतला. सोविएत संघातून आणि कॅनडातून मिळून १ कोटी ३० लाख मात्रा तातडीने मागवायच्या, आणि काही विपरीत झालं तर जबाबदारी आपली. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेशी करार केलेलं सरकार रशियाची लस आपल्या मुलांना देणार, ही साधी गोष्ट नव्हती. जुलैच्या उत्तरार्धात थेंब द्यायला सुरुवात झाली आणि साथ झपाट्याने ओसरली. १९६३ साली रुग्णसंख्या शंभराच्या आत होती. आपल्याकडे ज्या 'दोन थेंबां'नी पोलिओ संपवला, ते याच जातीचे थेंब.

आणि जे ऐकलं गेलं नाही

याच सरकारांची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल.

क्युशू बेटावरच्या मिनामाता गावात १ मे १९५६ रोजी एका विचित्र मेंदूविकाराची अधिकृत नोंद झाली. मुलांना चालता येईना, बोलता येईना, हातपाय वाकडे होऊ लागले. मांजरं वेडीवाकडी नाचत मरत होती. खाडीतले मासे खाणाऱ्यांनाच हा आजार होत होता. १९५९पर्यंत कुमामोतो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सेंद्रिय पाऱ्यावर बोट ठेवलं होतं. नोव्हेंबर १९५९मध्ये आरोग्य मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीनेही तोच निष्कर्ष दिला, आणि लगेच तिचा अभ्यासगट बरखास्त झाला. मंत्रिमंडळात चिस्सो कंपनीच्या कारखान्याकडे बोट दाखवणं घाईचं ठरेल असा आक्षेप घेणारे व्यापार-उद्योगमंत्री होते हायातो इकेदा. तेच इकेदा, जे पुढच्या वर्षी पंतप्रधान झाले, ज्यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडली आणि ज्यांच्या काळात सर्वांना विमा मिळाला.

कारखान्याचं सांडपाणी हेच कारण असल्याचं सरकारने अधिकृतपणे मान्य केलं सप्टेंबर १९६८मध्ये, एइसाकु सातो पंतप्रधान असताना. पहिल्या नोंदीनंतर बारा वर्षांनी. त्याच्या काही महिने आधीच कारखान्याने पारा वापरणारी ती प्रक्रिया बंद केली होती, कारण तंत्रज्ञान जुनं झालं होतं. या बारा वर्षांत किती आयांच्या पोटातल्या बाळांपर्यंत तो पारा पोचला असेल, विचार करा. लोकांचा संताप वाढत गेला, तेव्हा १९७०च्या अखेरीस सातो यांनी संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणाविषयीचे १४ कायदे मंजूर करून घेतले. १९७१मध्ये पर्यावरणासाठी स्वतंत्र खातं झालं.

विमा कार्ड हातात देणारं सरकार आणि विषारी खाडीकडे पाठ फिरवणारं सरकार, दोन्ही एकच होतं. आजारी पडल्यावर उपचार देणं आणि आजारी पडू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात कुणाचा तरी नफा आड येतो, म्हणून ते जास्त अवघड असतं.

सगळं फुकट: तानाकांचं वर्ष

१९७२मध्ये काकुएइ तानाका पंतप्रधान झाले. बांधकाम व्यवसायातून वर आलेला, फारसं शिक्षण नसलेला, लोकांची नाडी ओळखणारा माणूस. १९७३ हे 'कल्याणाचं पहिलं वर्ष' म्हणून गाजलं. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना उपचार मोफत झाले. कुटुंबीयांनी स्वतः भरायचा वाटा ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आला. मोठ्या आजारपणात महिन्याला एका मर्यादेपलीकडे रुग्णाने पैसे भरायचेच नाहीत, अशी सोय सुरू झाली.

मोफत उपचारांची कल्पना तानाकांची नव्हती. ईशान्येतल्या सावाउची नावाच्या बर्फाळ, गरीब गावाने १९६०मध्येच वृद्धांचे उपचार मोफत केले होते. तिथल्या गावप्रमुखांनी तान्ह्या बाळांवरही लक्ष दिलं आणि १९६२ साली त्या गावात एकही तान्हं बाळ दगावलं नाही. मग टोकियोने वृद्धांची योजना उचलली, मग इतरांनी, आणि शेवटी देशाने.

पण १९७३च्या ऑक्टोबरमध्ये तेलसंकट आलं आणि सरकारी तिजोरीला ओहोटी लागली. इकडे दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात आजी-आजोबांच्या गप्पांचे अड्डे भरू लागले. तेव्हा एक विनोद प्रसिद्ध झाला: "आज तानाका आजोबा दिसले नाहीत, आजारी पडले की काय?" हसू येतं, पण त्यामागे दुःखही होतं. घरी सांभाळणारं कुणी नाही म्हणून अनेक वृद्ध महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहत होते. उपचाराची गरज नव्हती, आधाराची होती. आधार देणारी दुसरी जागाच नव्हती.

शेवटी १९८२मध्ये झेंको सुझुकी पंतप्रधान असताना वृद्धांसाठी नवा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी, यासुहिरो नाकासोने यांच्या काळात, तो लागू झाला. बाहेरच्या बाह्य तपासणीसाठी महिन्याला ४०० येन, भरती असेल तर दिवसाला ३०० येन असं नाममात्र शुल्क आलं. त्याच कायद्यात एक फार चांगली गोष्ट होती: चाळिशीपासून सर्वांची आरोग्य तपासणी. फुकट दिलेलं परत घेताना सरकारने हातात काहीतरी उपयोगाचं ठेवलं.

खर्चाची ती मर्यादा मात्र टिकली. ती किती महत्त्वाची आहे हे अलीकडेच दिसलं. तेव्हाचे पंतप्रधान शिगेरु इशिबा यांच्या सरकारने ही मासिक मर्यादा वाढवायचं ठरवलं होतं. कर्करोग आणि इतर दीर्घ आजारांचे रुग्ण एकत्र आले, आपली औषधं परवडणार नाहीत हे त्यांनी सांगितलं, आणि मार्च २०२५मध्ये इशिबांना ती वाढ थांबवावी लागली. प्रश्न तिथे कायमचा मिटलेला नाही. पण आजारी माणसांनी पंतप्रधानाला थांबवलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सून, सासरा आणि अंथरूण

रुग्णालयात अडकलेल्या वृद्धांचा प्रश्न उरलाच होता. जपानी घरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं सुनेने करायचं, हा रिवाज होता. ही वाक्यं वाचताना आपल्याही काही भगिनी मान डोलावत असतील. तिथल्या महिलांच्या संघटनांनी या प्रश्नावर आवाज उठवला. डिसेंबर १९९७मध्ये र्‍युतारो हाशिमोतो यांच्या सरकारने 'शुश्रूषा विमा' कायदा मंजूर केला.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हप्ता भरायचा. वृद्धाला किती मदतीची गरज आहे हे तपासून त्याची पातळी ठरवायची. मग त्याप्रमाणे घरी मदतनीस, अंघोळ घालायला माणूस, दिवसा सांभाळणारं केंद्र किंवा निवासी केंद्र. खर्चाचा दहावा भाग कुटुंबाने द्यायचा, उरलेला अर्धा हप्त्यांतून आणि अर्धा करांतून. कुटुंबाला रोख रक्कम द्यायची नाही, सेवा द्यायची, असं ठरलं. रोख दिली असती तर काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडलं असतं, हा त्यामागचा विचार.

लागू व्हायच्या आधी सत्ताधारी आघाडीत कुरबुर झाली. मुलांनी आईवडिलांना सांभाळणं ही आपली सुंदर परंपरा आहे, ती का मोडायची, असा सूर निघाला. तेव्हाचे पंतप्रधान केइझो ओबुची यांनी मधला मार्ग काढला: पासष्टीवरच्यांकडून पहिले सहा महिने हप्ताच घ्यायचा नाही. योजना १ एप्रिल २००० रोजी सुरू झाली. त्याच दिवशी ओबुचींची आघाडी फुटली. आणि २ एप्रिलच्या पहाटे त्यांना मेंदूचा झटका येऊन रुग्णालयात न्यावं लागलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत, १४ मे रोजी गेले. वय होतं ६२. एरवी हा विमा पासष्टीपुढच्यांसाठी आहे, पण चाळीस ते चौसष्ट वयाच्या माणसाला वयाशी निगडित ठरावीक आजार झाला तर त्यालाही मदत मिळते. पक्षाघात त्या यादीत आहे. ज्या योजनेसाठी त्यांनी तडजोड केली, तिचा हक्क ती सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आजाराला लागू होता.

उपचार बरा करतो, माफी वेगळीच असते

कुष्ठरोगाच्या रुग्णांना जपानने कायद्याने वेगळं ठेवलं. गुणकारी औषध हाती आल्यानंतरही १९५३च्या कायद्याने ती सक्ती चालू ठेवली. तो कायदा रद्द झाला १९९६मध्ये. बरी झालेली माणसं आयुष्यभर कुंपणाआड राहिली, अनेकांनी घरच्यांची बदनामी नको म्हणून नावंही बदलली.

मे २००१मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवलं. अधिकाऱ्यांचा कल अपील करण्याकडे होता. नवे पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी २३ मे रोजी त्या वयोवृद्ध रुग्णांना स्वतः भेटले आणि अपील करणार नाही असं जाहीर केलं. २०१९मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या खटल्यातही शिंझो आबे यांनी अपील न करता माफी मागितली. आबे स्वतः आतड्याच्या एका दीर्घ आजाराचे, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, रुग्ण होते. त्यामुळे त्यांना दोनदा पद सोडावं लागलं.

याच कोइझुमींच्या काळात, २००३मध्ये, नोकरदारांनी स्वतः भरायचा वाटा २० टक्क्यांवरून ३० टक्के झाला, हेही सांगायला हवं.

बिल कोण भरणार?

वृद्ध वाढले, कमावते हात कमी झाले. पैसा आणायचा कुठून? जपानने उत्तर शोधलं वस्तू आणि सेवांवरच्या करात, आणि त्याने पंतप्रधानांच्या खुर्च्या हलवल्या. नोबोरु ताकेशिता यांनी १९८९मध्ये ३ टक्के कर आणला. काही आठवड्यांतच ते गेले, तेव्हा लाचप्रकरणाचं वादळही होतं. हाशिमोतोंनी १९९७मध्ये तो ५ टक्के केला, पुढच्या वर्षी निवडणुकीत फटका बसला आणि त्यांनी राजीनामा दिला. योशिहिको नोदा यांनी २०१२मध्ये विरोधकांशी समझोता करून वाढ मंजूर करून घेतली आणि हा पैसा आरोग्य, शुश्रूषा, निवृत्तिवेतन आणि मुलांसाठी असेल असं कायद्यात लिहिलं. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाचा दारुण पराभव झाला. वाढलेला कर प्रत्यक्षात आणला आबेंनी, २०१४मध्ये ८ आणि २०१९मध्ये १० टक्के.

किशींनी पेरलं, इकेदांनी कापणी केली. तानाकांनी वाटलं, सुझुकी-नाकासोनेंनी आवरलं. नोदांनी मोल दिलं, आबेंच्या तिजोरीत पैसा आला. आरोग्याच्या निर्णयांचं असंच असतं. फळ दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि खुर्ची तेवढी टिकत नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं कामासाठी जपानमध्ये आहेत. तिथे तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसालाही सरकारी आरोग्य विम्यात यावंच लागतं. त्यांना विचारा, दवाखान्यात गेल्यावर बिलाचा किती हिस्सा भरावा लागतो ते. बहुतेक उत्तर येईल, तीस टक्के.

जपानची व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही. त्यांच्या चुकाही उचलायच्या नाहीत. पण आपल्याकडे कुणीही आरोग्याची मोठी घोषणा केली, पक्ष कुठलाही असो, की त्यांच्या इतिहासातून शिकलेले तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. यातून बाहेर कोण राहतंय? याचं बिल दहा वर्षांनी कोण भरणार आहे? आणि आजार होऊच नये म्हणून यात काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मिनामाता आठवा.

आणि जे तुमच्या हातात आजच आहे, ते सरकारवर सोडू नका. चाळिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ मोजा. बीपीची गोळी चालू असेल आणि महाग पडत असेल तर ती गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्याच गुणाची स्वस्त जेनेरिक गोळी बहुतेक वेळा मिळते. पैशाची अडचण सांगण्यात लाज कसली? लाज वाटून बंद केलेल्या गोळीपायी पक्षाघात झालेली माणसं मी बघितली आहेत, आणि त्या उपचाराचा एका दिवसाचा खर्च वर्षभराच्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.